झाडाला फुलायची वेळ कशी कळते? नाशिकच्या बागांतले नेहमीचे प्रश्न

दिंडोरी-निफाडचा द्राक्षवाला, कसमाद्यातला (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडचा) डाळिंबवाला आणि गंगापूर रोडच्या गच्चीत कुंड्या जपणाऱ्या काकू, सगळे फिरून एकाच प्रश्नावर येतात: फुलं यायला काय फवारू? उत्तर बहुतेकांना आवडत नाही. फुलं आणणारं औषध नसतं. कधी फुलायचं हे झाड स्वतःच्या रसायनांवरून ठरवतं. आपण बाहेरून जे देतो त्याने त्या कामातला एखादा अडसर निघतो, नाहीतर नवा पडतो. कोणता आणि केव्हा, हे कळायला आधी झाडाच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

फुलायचा निर्णय कुठे होतो? कळी तर शेंड्याला येते.

कळी शेंड्याला येते, पण निर्णय पानात होतो. १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं की दिवस-रात्रीची लांबी बदलली की फुलण्याची वेळ बदलते. पुढे १९३६-३७ च्या सुमारास सोव्हिएत संघात मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीवर प्रयोग केला. झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली, खालची ठेवली. खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि उघड्या शेंड्याला मोठा. शेंडा फुलला. उलट केलं तेव्हा फुलला नाही. म्हणजे पानात काहीतरी तयार होतं आणि ते शेंड्यापर्यंत चालत जातं. त्या न दिसलेल्या पदार्थाला त्यांनी फ्लोरिजन असं नाव दिलं.

त्यानंतर सत्तर वर्षं लोक फ्लोरिजन शोधत राहिले. पानांचे अर्क काढले, कलमं केली. एका झाडाचं फुलण्याचं लक्षण कलमातून दुसऱ्यात जायचं, पण पदार्थ काही हाती लागेना. २००५ मध्ये एक शोधनिबंध गाजला, की एफटी नावाच्या जनुकाचा आरएनए पानातून शेंड्याकडे जातो. दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. २००७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात आणि भातात स्पष्ट झालं की प्रवास करतं ते एफटीचं प्रथिन, म्हणजे तेच फ्लोरिजन. पानाच्या शिरांत ते बनतं, साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून शेंड्यात पोचतं, तिथे एफडी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि फुलाची जनुकं जागी करतं.

बाल्कनीतली शेवंती नुसती वाढते, कळी धरत नाही. खत कमी पडतं का?

आधी रात्री बाल्कनीत उभं राहून बघा, रस्त्यावरचा दिवा कुंडीवर पडतो का. पडत असेल तर खताच्या पुड्या वाया जातील.

शेवंतीला आपण लहान दिवसाचं झाड म्हणतो, पण ती मोजते रात्र. १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर हे सिद्ध केलं. शंकेश्वर म्हणजे ज्याची काटेरी फळं धोतराला आणि शेळीच्या केसांना चिकटतात ते तण. त्याला एक पुरेशी लांब रात्र मिळाली तरी ते फुलायला लागतं. पण त्याच रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला की फुलणं थांबतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल प्रकाश पकडतं आणि रात्र मोडली असं धरून चालतं. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये शेवंतीत आणखी एक गोष्ट दाखवली. रात्र मोडली की पानात फ्लोरिजन कमी होतो, एवढ्यावरच भागत नाही. त्याच्या विरुद्ध काम करणारं प्रथिनही तयार होतं आणि शेंड्याकडे जातं.

नाशिकला २१ जूनला दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो आणि २१ डिसेंबरला सुमारे ११ तासांचा. उत्तरेच्या देशांच्या मानाने हा फरक थोडा आहे, पण शेवंतीला पुरतो. कुंडी संध्याकाळी सहाला काळ्या कापडाखाली ठेवायची आणि सकाळी आठला काढायची. पॉलीहाऊसवाले काळं प्लास्टिक ओढतात ते याचसाठी. फुलं पुढे ढकलायची असतील तर तेच लोक मध्यरात्री दिवे लावतात.

मग फ्लोरिजनची बाटली मिळते का?

नाही. ते प्रथिन आहे. फवारलं तर पानाच्या सालीतून आत जात नाही आणि उन्हात टिकत नाही. दुकानात "फ्लॉवरिंग स्पेशल" असं लिहिलेलं जे मिळतं त्यात बहुधा अन्नद्रव्यं, समुद्री शेवाळाचा अर्क किंवा दुसरा एखादा संप्रेरक (हॉर्मोन) असतो. त्यातलं काही उपयोगी पडतंही, पण लेबलवर घटक लिहिलेला नसेल तर मी ते हातात धरणार नाही.

द्राक्षाचा घड ऑक्टोबर छाटणीनंतर दिसतो. मग सगळे एप्रिल छाटणीत इतका जीव का टाकतात?

ऑक्टोबरमध्ये फुटणाऱ्या डोळ्यात घड आधीच घडून बसलेला असतो. तो बसतो उन्हाळ्यात, एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान. आपल्याकडे याला कोणी गर्भधारणा म्हणतं, कोणी सूक्ष्म घडनिर्मिती. थंड देशांतली वेल हिवाळ्यात झोपते, वर्षात एकदाच छाटली जाते. आपली वेल बारमाही जागी असते, म्हणून तिची काडी आणि तिचा घड असे दोन हंगाम वेगळे काढावे लागले: छाटण्या दोन, पीक एक.

त्या ४०-६० दिवसांत डोळ्याच्या आत काय होतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सुरुवातीला तिथे एक नुसता उंचवटा तयार होतो. तो अजून घडही नसतो आणि बाळीही (वेल ज्याने आधार धरते तो तणावा) नसते. दोन्हींची सुरुवात एकच. मग कोणतं संप्रेरक वरचढ ठरतं यावर पुढचं ठरतं. सायटोकायनिन भरपूर असेल तर उंचवट्याला फांद्या फुटत जातात आणि घड होतो. जिबरेलिन, म्हणजे आपलं जीए, जास्त असेल तर तो लांब होतो, वळतो आणि बाळी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी प्रयोगशाळेत सायटोकायनिन देऊन वाढत्या बाळीचा घड करून दाखवला होता.

आता बागेतल्या सवयी यावर ताडून बघा. सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या कोवळ्या टोकांत बनतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. म्हणून "पांढरी मुळी चालली पाहिजे" हा आपल्याकडचा आग्रह बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये बोद (वेलींच्या ओळीतले मातीचे वरंबे) वाळले किंवा पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तर वर सायटोकायनिन पोचणार कुठून? जीए बनतं कोवळ्या, जोमाने पळणाऱ्या शेंड्यात. म्हणून सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (काडीवर बगलेतून येणारी दुसरी काडी) करतात, नत्र आवरतात, पाणी मोजून देतात, वाढ रोखणारं सीसीसी फवारतात. डॉगरिज खुंटावरची वेल जोमदार असते, तिथे हे जास्त सांभाळावं लागतं. आणि ऊन. डोळ्यावर ऊन पडलं तरच घड नीट घडतो, त्यामुळे गर्दीच्या फुटी वेळेत विरळल्या नाहीत तर सावलीतली काडी दिसायला जाड, पण आतून वांझ निघते.

छाटणी मे महिन्यात लांबली तर हे ४०-६० दिवस जूनच्या ढगाळ हवेत जातात. मग ६-बीए (हे एक सायटोकायनिन) आणि युरासिलच्या कितीही फवारण्या केल्या तरी उन्हाची भरपाई होत नाही. त्या फवारण्या निरुपयोगी नाहीत, पण ऊन, पांढरी मुळी आणि थांबलेला शेंडा जागेवर असेल तेव्हाच त्यांचा काही परिणाम दिसतो.

ऑक्टोबर छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घ्या. कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, आणि काडी किती डोळ्यांवर कापायची याचा अंदाज बांधावा लागत नाही.

जीए तर आपण घडासाठीच वापरतो. ते घडाच्या विरोधात कसं?

वेळ वेगळी, काम वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडल्यावर जीए दिलं तर दांडा लांबतो, मणी सुटे होतात, पुढे फुगवण होते. तिथे घड तयारच असतो. उन्हाळ्यात डोळ्यात घड ठरत असताना तेच जीए शत्रू ठरतं.

याचा पुरावा शँपेनच्या मुलखातून आला. पिनो म्यूनिए ही तिकडची जुनी जात. तिच्या पेशींच्या एका थरातून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बुटकी वेल वाढवली. त्या वेलीत जनुकातल्या बदलामुळे जीएचा संकेत पोचतच नाही. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं की या वेलीवर एरवी जिथे बाळ्या येतात तिथे घड येतात, काडीभर. जीए ऐकू येईनासं झालं आणि बाळ्यांचे घड झाले.

जीएची गोष्ट सुरू झाली भाताच्या रोगात. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की भाताची रोपं उंच होऊन लोळतात ती एका बुरशीच्या स्रावाने. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. मग १९५० च्या दशकात आंतोन लांग यांना आढळलं की थंडी किंवा मोठा दिवस लागणाऱ्या काही वनस्पती जीए दिल्यावर त्याशिवायच फुलतात. तेव्हा अनेकांना वाटलं, हाच फ्लोरिजन! पण आंबा, द्राक्ष, सफरचंद या लाकूड धरणाऱ्या झाडांत जीए फुलणं रोखतं. एका पिकाचा अनुभव दुसऱ्यावर लावला की घोळ होतो तो इथेच. कोबीच्या दांड्यावर जे चाललं ते वेलीवर चालेल असं नाही.

घड दिसला आणि पोंग्यातच (नुकत्या फुटलेल्या कोंबातच) जिरला. असं का होतं?

डोळा फुटल्यावर कोवळा घड साठवलेल्या अन्नावर जगतो. काडी नीट पिकलेली नसली, छाटणीनंतर पाऊस लागला, ढगाळ हवेत शेंडा भराभर पळाला, की जीए वरचढ होतं, सायटोकायनिन आणि साखर कमी पडते. मग घड गोळीघड राहतो किंवा त्याची बाळी होते. सटाण्याकडच्या अर्ली छाटणीत हे जास्त दिसतं, कारण तिथे छाटणी पावसाळ्यातच होते. अशा वेळी पाणी तोडणं, शेंडा रोखणं आणि पोंगा अवस्थेत सायटोकायनिन देणं याला अर्थ आहे. उन्हाळ्यात काडीत घड बसलाच नसेल तर मात्र आता करण्यासारखं काही उरत नाही.

साखर इथे नुसतं खाद्य नाही. ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा साखरेचा एक रेणू झाडाला साठ्याची बातमी देतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये २०१३ मध्ये दिसलं की तो कमी केला तर दिवस अनुकूल असूनही झाड उशिरा फुलतं.

छाटणीनंतर डोळ्यांना पेस्टिंग करतो, त्याने घड वाढतात का?

घड वाढत नाहीत. पेस्टिंगमधलं हायड्रोजन सायनामाइड डोळ्याची झोप मोडतं. ते डोळ्याच्या श्वसनात मुद्दाम खळबळ माजवतं, त्यामुळे सगळे डोळे एकदम आणि एकसारखे फुटतात. जे आत आहे तेच बाहेर येतं.

ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यात. आणि ज्या दिवशी हे हाताळलं त्या दिवशी, त्याच्या आगेमागेही, दारूचा घोट घ्यायचा नाही. हे द्रव्य शरीरातलं दारू पचवणारं विकर बंद पाडतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात पोचतो. मजुरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

डाळिंबाला ताण का द्यायचा? पाणी दिलं तर जास्त फुलायला नको का?

डाळिंबाला पाणी-खत सतत मिळालं तर ते वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं आणि बाजारात नेण्यासारखा एकसारखा माल कधीच मिळत नाही. पाणी तोडल्यावर मुळं अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे संप्रेरक पाठवतात, वाढ थांबते, जीए उतरतं, काडीत पिष्ट साठतं. मग इथ्रेलने, म्हणजे इथेफॉनने, पानगळ करतात. इथेफॉन झाडात गेल्यावर त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि पानाचा देठ सुटतो. हलकी छाटणी, खत, पाणी, आणि सगळी बाग एकदम फुलते. मृग बहाराचं फूल जून-जुलैत, हस्त बहाराचं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आंबे बहाराचं जानेवारी-फेब्रुवारीत. कोणता धरायचा हे मालेगाव, सटाणा, देवळ्यात विहिरीचं पाणी आणि तेल्या रोग ठरवतात, झाड नाही.

ताण किती दिवसांचा, हे जमीन सांगेल. मुरमाड रानात पानं लवकर मलूल होतात, काळ्या रानात महिना उलटला तरी झाड हिरवंगार. काळ्या जमिनीत ताण बसण्याआधीच इथ्रेल मारलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. पानं गळतात, पण फुलाऐवजी नवी पालवी फुटते.

पेठ-सुरगाण्याकडचा आंबा वर्षाआड येतो. कल्टार घालावं का?

आंबा भरपूर लागला की वाढत्या कोयीतून जीए सुटतं आणि पुढच्या मोहराला अडवतं. पालवीही उशिरा येते, ती थंडीपर्यंत पिकत नाही. पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे कल्टार, झाडाला जीए बनवूच देत नाही. पण मोहर आणणं त्याचं काम नाही, ते फक्त वाट मोकळी करतं. मोहराचा निरोप पिकलेल्या पानांतून जातो, थंड रात्रींत आंब्याच्या पानांत एफटीचं काम वाढतं म्हणून.

कोकणात हापूसला कल्टार जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती मातीत देतात, कारण मुळांनी ते घ्यावं लागतं. द्यायचं असेल तर पूर्ण वाढलेल्या, निरोगी झाडालाच, आळ्यात, शिफारशीच्याच प्रमाणात. ते मातीत बराच काळ टिकतं. दरवर्षी जास्तीचं ओतत गेलात तर मोहराचे दांडे आखूड, गच्च होतात आणि झाड थकतं. उतारावरच्या रानात मुसळधार पावसात ते वाहून खालच्या शेतातही जातं. पाच वर्षांच्या कलमाला मी हे कधीच सुचवणार नाही.

कांद्याला डेंगळे (फुलाचे दांडे) का येतात? औषधाचा दोष का?

बहुतेकदा थंडीचा आणि रोपाच्या वयाचा. कांदा हे दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या हंगामात कांदा, थंडी खाऊन दुसऱ्या हंगामात फूल. रोप लहान असताना थंडी लागली तर त्याला काही कळत नाही. मोठं, वय झालेलं रोप लावलं आणि लगेच निफाडची थंडी पडली तर ते समजतं की आपला हिवाळा झाला, आणि दांडा काढतं. रांगड्या (पावसाळ्याच्या अखेरीस लावलेल्या) कांद्यात हे जास्त दिसतं. डिसेंबरअखेर लावलेल्या उन्हाळ कांद्यातही जाड रोप वापरलं की दिसतं.

न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कांद्यात एफटीची अनेक भावंडं शोधली. एक भावंड दिवस वाढला की कांदा पोसायला लावतं, दुसरं त्याला अडवतं, तिसरं थंडीनंतर फूल आणतं. म्हणजे लासलगावच्या बाजारात येणारा कांदा आणि डेंगळा, दोन्ही एकाच घराण्याच्या निरोपातून होतात. उपाय साधा आहे: वेळेवर, योग्य वयाचं रोप आणि डेंगळे कमी येणारी जात. डेंगळा मोडून काढल्याने कांदा सुधारत नाही.

गुलाब मात्र बारा महिने फुलतो. त्याला वेळ कळत नाही का?

जुने युरोपी गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. चिनी गुलाबात फूल रोखणाऱ्या एका जनुकाच्या मधोमध डीएनएचा परका तुकडा घुसला आणि ते जनुक निकामी झालं. तेव्हापासून प्रत्येक नवी फूट फूल घेऊनच येते, आणि आजचे डच गुलाब त्याच वंशातले. म्हणून जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाऊसमध्ये १४ फेब्रुवारीचा माल साधायला कोणी संप्रेरक मारत नाही. डिसेंबरअखेर फांद्या छाटतात आणि सहा-सात आठवडे मोजतात. मोगलांनी ज्या शहराला गुलशनाबाद म्हटलं तिथे हे माहीत असलेलं बरं.

बागेत धूर केला की मोहर येतो, हे खरं का?

काही झाडांत खरं. फिलिपाइन्समध्ये आंब्याखाली धुमी करायची जुनी रीत होती. पुढे रामॉन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीने तेच काम करून दाखवलं. अननसाला धुरातलं इथिलीन फुलवतं. पण तीच इथिलीन शेवंतीचं फुलणं लांबवते. त्यामुळे द्राक्षबागेत धूर करून घड येतील अशी आशा नको. थंडीच्या पहाटे आपल्याकडे शेकोट्या करतात ते मण्यांना थंडी लागू नये म्हणून, तो विषय निराळा.

त्र्यंबकच्या डोंगरांवरची, सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी ही वर्षं कशी मोजते?

वय मोजण्याची एक पद्धत अनेक झाडांत सापडली आहे. कोवळ्या वयात मायक्रोआरएनए-१५६ नावाचा छोटा रेणू भरपूर असतो आणि फुलणं दाबून ठेवतो. वय वाढतं तसा तो ओसरतो. सगळ्या डोंगराने एकाच वर्षी फुलायचं हे मात्र एवढ्याने सुटत नाही.

निर्यातीच्या बागेत ही संप्रेरकं वापरायला अडचण आहे का?

आहे, आणि नाशिकने ती एकदा महागात भोगली आहे. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाटचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, भाव पडले. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते घडावर मारलंच नव्हतं, उन्हाळ्यात काडीसाठी मारलं होतं. सीसीसी वेलीच्या लाकडात साठून राहतं आणि पुढच्या हंगामात मण्यांत उतरतं.

म्हणून ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या नोंदणीत) नोंद असलेल्या बागेत एप्रिलची प्रत्येक फवारणी तारखेसह लिहून ठेवा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या वर्षाची शिफारस यादी छाटणीआधी वाचा, छाटणीनंतर नको. शेजारच्या बागेवर सीसीसी चाललं असेल आणि वारा तुमच्याकडे असेल तर त्या दिवशी नमुना वेगळा ठेवा.